सिस्टरना थांबवायचं कसं

मोठ्या माणसांना कसं शिकवू नये, हे तिला एका सशाने शिकवलं. पडद्यावरचा तो ससा तिनेच बनवला होता. लांब कान, निळी बंडी, आणि उत्तर बरोबर आलं की दोन्ही पंजे आपटून टाळ्या वाजवणारा. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करणाऱ्या लोकांसाठी तिला ऑनलाइन कोर्स बनवायचा होता, आणि कोर्स मजेदार हवा म्हणून तिने हा पाहुणा आणून बसवला होता. पहिला धडा बघून झाल्यावर एका मावशीने फोन तिच्या हातात परत दिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, सशाला सांगा, मला दोन नातवंडं आहेत."

तेवढं पुरलं. ससा त्याच दिवशी गेला. त्याच्या मागोमाग तारे गेले, बिल्ले गेले आणि उठसूट वाजणारी घंटीही गेली. शाळेतली नोकरी सोडून ती या कामात पडली होती आणि शाळेच्या सवयी अंगातून निघता निघत नव्हत्या. आपल्यासमोर बसलेल्या माणसाने आयुष्यात आपल्यापेक्षा जास्त अंथरुणं बदलली आहेत, हे डोक्यात शिरायला तिला तो ससा लागला.

काम देणारी संस्था मोठी होती. संस्थेकडे बायका होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. पुरुष होते, त्यांना मामा म्हणत. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणं, ही यांची कामं. शिकवायला संस्थेचा एक जुना कोर्स होताच. पडद्यावर अक्षरांनी गच्च भरलेली पानं, ती झोप येईल अशा आवाजात वाचणारी एक बाई, आणि खाली 'पुढे' असं बटण. मावश्या फोन ॲप्रनच्या खिशात ठेवून भांडी विसळायच्या, मधूनमधून ओल्या अंगठ्याने 'पुढे' दाबायच्या, आणि शेवटी प्रमाणपत्र यायचं. झाडून सगळे पास. आणि या पास झालेल्या माणसांच्या हातून पेशंट पडत होते.

संस्थेचे संचालक सरळ माणूस होते. ते तिला म्हणाले, "मॅडम, मला चित्रं नकोत आणि गाणी नकोत. पेशंट पडायचे थांबले पाहिजेत. पहिल्या गटावर चाचणी घेऊ. निम्म्याहून जास्त लोक पास झाले तर तुमचा कोर्स सगळ्या शाखांना लावतो. नाहीतर जुनाच चालू ठेवतो, तो निदान तयार तरी आहे."

मग ती मावश्यांच्या मागे मागे हिंडली. त्यांच्या घरी नाही, त्यांच्या कामावर. पेशंटच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायची आणि बघायची. धडा चहा उकळेपर्यंत संपला पाहिजे, हे तिला तिथे कळलं. आवाजाशिवाय समजला पाहिजे, कारण पेशंटचा डोळा नुकताच लागलेला असतो. बटण मोठं पाहिजे, कारण हात अर्धवट कोरडे असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती चहाच्या वेळी. दोन मावश्या एकत्र आल्या की तिसरीच्या चुका काढायच्या. "त्या रात्रपाळीच्या मामाने उशी कुठे लावली होती माहितेय? मानेखाली. मानेखाली लावतात का उशी?" असं चालायचं, आणि ते ऐकताना तिच्या लक्षात आलं, की सगळ्या पुस्तकांत मिळून नसेल एवढं ज्ञान या उखाळ्यापाखाळ्यांत आहे. दुसऱ्याची चूक पकडण्यासारखं सुख नाही. तिने कोर्स त्या सुखावरच उभा करायचं ठरवलं.

बेत असा होता. पडद्यावर एक बाई पेशंटला उठवते, बसवते, हलवते. मध्येच कुठेतरी चुकते. बघणाऱ्याने ती चूक दिसताक्षणी 'थांबा' हे लाल बटण दाबायचं. वेळेवर दाबलं तर पास. दाबलं नाही तर पुढे काय होतं ते पडद्यावर दिसणार, आणि धडा पुन्हा. वाचायचं काही नाही, पाठ करायचं काही नाही.

आता चुका करणारी बाई हवी. चूक नेमकी करायची तर बरोबर काय ते रक्तात भिनलेलं हवं, आणि असं माणूस तिच्या घरातच होतं. तिची आई.

आई मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होती. निवृत्त झाली तरी सगळे तिला अजून सिस्टरच म्हणत, बाबासुद्धा, राग आला की. संस्थेतल्या पहिल्या गटातले बहुतेक मावश्या-मामा त्या इस्पितळात तिच्या हाताखाली काम करून गेलेले. सिस्टर वॉर्डात शिरल्या की चादरींच्या सुरकुत्या आपोआप जातात, असं तेव्हा म्हणत. आईचा ऑनलाइन वगैरे प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. माणूस नजरेखाली शिकतं, असं तिचं मत, आणि ती नजर कशी असते हे तिच्या मुलीलाही चांगलंच ठाऊक होतं.

"मी चुकायचं? आणि तेही मुद्दाम?" आई म्हणाली. "लोकांसमोर?"

"लोकांना चूक ओळखता यावी म्हणून, आई."

"अगं, मी ब्रेक लावायला विसरले असं दाखवशील, तर लोक म्हणतील म्हातारीला आता भ्रम झाला."

मध्यस्थी बाबांनी केली, आणि निःस्वार्थ बुद्धीने केली असं म्हणता येणार नाही. तरुणपणी ऑफिसच्या नाटकांत कामं केलेला माणूस तो. पेशंटची भूमिका रिकामी आहे हे कळल्यापासून ते आरशासमोर एक खांदा पाडून चालून बघत होते. "तू चुकायला तयार हो," ते आईला म्हणाले, "मी पडायला तयार आहे." आई हसली, आणि हसली म्हणजे तयार झाली.

चित्रीकरण आईबाबांच्याच झोपायच्या खोलीत झालं. भाड्याने आणलेली चाकाची खुर्ची, खिडकीला पांढरा पडदा, तीन पायांच्या स्टँडवर फोन. बाबांनी अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेला पेशंट अशी भूमिका निवडली आणि ती जेवणाच्या सुट्टीतही सोडली नाही. आईची मात्र पंचाईत झाली. ब्रेक न लावता बाबांना उठवायचं, एवढंच करायचं होतं. पण खुर्ची पलंगाशी आली की तिचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. दर वेळी. "राहत नाही गं पाय मागे," ती म्हणायची. शेवटी तिच्या मुलीने ब्रेकची दांडीच काढून ठेवली, तेव्हा कुठे सिस्टर आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक न लावता पुढे गेल्या. खुर्ची मागे सरकली, बाबा गादीवर आपटले, आणि वाचा गेलेली असताना 'आई गं' म्हणाले. तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागला.

धडे उत्तम झाले होते. तिला स्वतःला तसं वाटलं, आणि वाटलं ते खोटं नव्हतं. संस्थेकडे पाठवताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

चाचणीचा निकाल संचालकांनी फोनवर सांगितला. गटातल्या एकदोघांनी 'थांबा' दाबलं होतं. बाकी सगळ्यांनी ब्रेक नसलेली खुर्ची बघितली, पेशंट पडू नये म्हणून वर करायची पलंगाची कड खालीच राहिलेली बघितली, उताण्या पेशंटच्या तोंडाशी लावलेला पाण्याचा पेला बघितला, आणि मूग गिळून शेवटपर्यंत बसून राहिले. ते सगळे नापास. संचालक रागावले नव्हते, ते बिचारे ओशाळले होते. "यांना एवढंही दिसत नसेल तर अवघड आहे," ते म्हणाले.

आधी तिने बटण बिघडलंय का ते तपासलं. बटण ठणठणीत होतं. मग कोणी काय बघितलं, कुठे थांबलं, कुठे मागे गेलं, ही सगळी माहिती ती उघडून बसली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. जवळजवळ प्रत्येकाने तो ब्रेकचा भाग मागे नेऊन पुन्हा बघितला होता. काहींनी तर दोनदोनदा. न दिसणारं माणूस एकाच जागी पुन्हा पुन्हा कशाला जाईल?

ती तडक हळूबाईकडे गेली. ही मावशी गटातली सगळ्यात मऊ आवाजाची, इतक्या हळू बोलायची की तिला सगळेच हळूबाई म्हणत आणि तीही त्याला ओ देत असे. जिन्याखालच्या खोलीत ती टॉवेल घडी करत बसली होती.

"मावशी, खुर्चीचा धडा बघितलात ना? काय दिसलं?"

"ब्रेक नव्हता लावला," हळूबाई चटकन म्हणाली. "आणि कडही वर केली नव्हती. आणि पाणी असं उताणं पाजतात का कधी? ठसका लागतो."

"मग थांबा का नाही दाबलंत?"

हळूबाईने टॉवेलची घडी पुन्हा उलगडली. "अहो ताई," ती म्हणाली, "सिस्टर आहेत त्या."

"पडद्यावर आहेत मावशी. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तरी पण. सिस्टरना थांबा म्हणू? माझा अंगठा वर गेला होता, खरं सांगते. पण वाटलं, त्यांनी केलंय तर काहीतरी कारण असेल. आपण कोण?"

बाकीच्यांनाही तिने विचारलं. उत्तर तेच, फक्त शब्द वेगळे. एक मामा तर म्हणाले, की सिस्टर पडद्यावर आल्या तेव्हा आपण खुर्चीतून उठून उभे राहिलो होतो.

ती संचालकांना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी सोपा उपाय तयारच ठेवला होता. "मग अडलंय कुठे? आईंच्या जागी दुसरी कोणी बाई घ्या. यांच्या ओळखीची नको. सगळे दाबतील बटण, सगळे पास होतील."

आणि ते खरं होतं. एका दिवसाचं चित्रीकरण, की काम फत्ते. ती 'हो' म्हणायला तोंड उघडणार होती. पण तिच्या डोळ्यांसमोर हळूबाईचा तो अंगठा आला, वर गेलेला आणि थांबलेला. उद्या पेशंटच्या घरी हिच्यासमोर कोण असणार? पेशंटचा मोठा साहेब असलेला मुलगा असेल, डॉक्टर असतील, दहा वर्षं जास्त काम केलेली दुसरी मावशी असेल. ब्रेक तेव्हाही उघडा असेल आणि अंगठा तेव्हाही असाच थांबेल. म्हणजे यांना चुका ओळखायला शिकवायचंच नव्हतं, ते तर यांना आधीपासून येत होतं. शिकवायचं होतं ते तोंड उघडायला. आणि त्या कामाला या घडीला जगात एकच बाई योग्य होती.

"आईच राहील," ती म्हणाली. "मला एक संधी द्या."

"देतो," ते म्हणाले. "पण मग चाचणी पडद्यावर नाही. हॉलमध्ये, समोरासमोर. तुमच्या आई चुकतील, यांनी तोंडाने थांबवायचं. नाही थांबवलं तर मी जुन्या कोर्सकडे परत जाणार, मॅडम. तिसरी संधी नाही."

घरी आईला हे सांगणं म्हणजे दुसरं दिव्य होतं. आई भांडी पुसत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिची पहिली प्रतिक्रिया अशी, की तिची छातीच फुगली. "म्हणजे धाक आहे अजून," ती म्हणाली.

"धाक आहे म्हणूनच सगळे नापास झाले, आई."

"माझ्या वॉर्डात अशा चुका व्हायच्याच नाहीत."

"कशावरून?"

आईने तिच्याकडे बघितलं. ती नजर चादरी सरळ करणारी होती, पण या वेळी मुलीने नजर खाली घातली नाही. "कशावरून म्हणजे?" आई म्हणाली. "झाल्या असत्या तर कोणीतरी सांगितलंच असतं की."

हातातलं ताट तिने पुसलं, मग तेच ताट परत पुसलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि शहाणपणाने पुन्हा वर केलं. ताट ठेवून आई म्हणाली, "बोल, काय करायचं मी?"

करायचं होतं ते वरकरणी सोपं होतं. बटण दाबलं की आतापर्यंत नुसतं हिरवं चिन्ह उमटायचं. आता तिथे आई येणार होती. जे कोणी सिस्टरना थांबवेल, त्याच्याकडे बघून सिस्टर म्हणणार होत्या, 'बरोबर पकडलंस. आभार.' मोठ्या माणसाला तारे नकोत आणि ससाही नको. ज्या माणसाच्या मताला किंमत आहे, त्याने तोंडावर बरं म्हटलेलं हवं. आणि सुरुवात ब्रेकपासून नव्हे, अगदी लहान गोष्टीपासून. पहिल्या धड्यात सिस्टर बाबांना चष्मा उलटा लावणार होत्या. त्याला 'थांबा' म्हणायला कोणाची छाती लागत नाही. त्यानंतर मोज्यांची अदलाबदल, मग उशी, मग कड, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी. अंगठ्याला पायरी पायरीने सवय लावायची.

पण दोन शब्दांचे आभार सिस्टरांच्या तोंडून निघेनात. पहिल्या वेळी त्या असं म्हणाल्या, की ऐकणाऱ्याने राजीनामाच दिला असता. दुसऱ्या वेळी 'बरोबर पकडलंस' नंतर त्यांनी सवयीने 'पण आधी कुठे लक्ष होतं?' असं जोडलं. बाबा पलंगावर आडवे राहून दिग्दर्शन करत होते. "अगं, आवाज खाली. भुवया खाली. माझ्याशी बोलतेस तसं नको, शेजाऱ्यांशी बोलतेस तसं बोल."

"मी कामावर कधी कोणाचे आभार मानले नाहीत," आई एकदम म्हणाली. "वेळच नव्हता."

ती खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली. मग फोनकडे न बघता, त्याच्या मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघून म्हणाली, "बरोबर पकडलंस. आभार." मुलीने तेच ठेवलं. पुन्हा घ्यायची गरज नव्हती.

नवे धडे गेले, आणि आकडे बघताना ती एकटीच खोलीत हसली. उलट्या चष्म्याला सगळ्यांनी 'थांबा' दाबलं होतं, आणि मग मागे जाऊन पुन्हा दाबलं होतं. मग परत. सिस्टरांच्या तोंडून आभार ऐकायला मावश्या-मामा त्याच चष्म्यावर पुन्हा पुन्हा येत होते. एका मावशीने तो धडा सासूला दाखवला, सासूनेही बटण दाबलं. ब्रेकच्या धड्यापर्यंत गट आला, तेव्हा बहुतेकांचे अंगठे वेळेवर पडले. तिला मनापासून बरं वाटलं. आपण हे केलं, डोकं लावून केलं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि म्हणताना लाजली नाही.

पण बटण वेगळं आणि जीभ वेगळी, हे तिला हॉलमध्ये कळलं.

हॉल संस्थेचाच, लांबट. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर गट बसला होता, मध्ये पलंग, पलंगावर बाबा. पुढच्या रांगेत संचालक, मांडीवर पेन आणि कागद. आई इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आत आली, आणि तिच्या मुलीने डोळे मिटून घेतले, कारण अख्खा गट उठून उभा राहिला होता.

"बसा," आई म्हणाली. सगळे एका दमात बसले.

आईने ठरल्याप्रमाणे खुर्ची पलंगाशी आणली. ब्रेक लावला नाही. बाबांच्या काखेत हात घातला. आता कोणीतरी बोलायला हवं होतं. एक मामा खाकरले आणि खाकरूनच थांबले. एका मावशीने शेजारणीला कोपर मारलं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. सगळ्यांना दिसत होतं. चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलं होतं की दिसतंय. आणि कोणाच्या तोंडून ब्र निघाला नाही.

कोणी थांबवलं नाही तर आईने स्वतःच थांबायचं, असं ठरलं होतं. ती थांबली, काही न बोलता ब्रेक लावला, आणि बाबांना खुर्चीत बसवलं. संचालकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ससा ठेवला असता तरी हाच निकाल लागला असता, असं मुलीच्या मनात आलं, आणि तिला रडू येईल असं वाटायला लागलं.

आईलाही ते लागलं असावं. तिने ब्रेक काढला आणि खुर्ची दाराकडे न्यायला लागली, पण लक्ष खुर्चीत नव्हतं. मान वर करून ती गटाशी बोलत होती. "मी तुम्हाला खाते का?" ती विचारत होती. "इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलीत, एवढंही..."

"थांबा."

आवाज इतका हळू होता, की आधी कोणी बोललं असं वाटलंच नाही. आईने खुर्ची आणखी ढकलली.

"सिस्टर, थांबा," हळूबाई म्हणाली, या वेळी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी, आणि ती उभी होती.

आई जागच्या जागी थांबली. हे ठरलेलं नव्हतं. ब्रेकनंतरची पुढची चूक औषधाच्या वेळी व्हायची होती. आईने वळून मुलीकडे बघितलं, आणि मुलीने मान हलवली. नाही. ही आपली नाही.

"काय झालं?" आई म्हणाली.

"बाबांचा पाय," हळूबाई म्हणाली.

आईने खाली बघितलं. बाबांचा डावा पाय पाय ठेवायच्या पट्टीवरून घसरून खाली आला होता आणि खुर्चीखाली ओढला जात होता. घोटा तिरका झाला होता. आणखी एक धक्का बसला असता तर पाय मोडलाच असता. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंडातून चकार शब्द नाही. वाचा गेलेला पेशंट होते ना ते. भूमिका सोडणार कशी?

"अहो, बोलायचं नाही का?" आई ओरडली.

"पेशंट बोलू शकत नाही," बाबा ओठांच्या कडेतून म्हणाले, आणि मग न राहवून कळवळले.

आई खाली बसली. तिने पाय दोन्ही हातांनी उचलून पट्टीवर ठेवला, घोटा दाबून बघितला, बोटं हलवायला लावली. पाय शाबूत होता. ती लगेच उठली नाही. गुडघ्यावर तशीच बसून राहिली. सगळा हॉल श्वास रोखून बसला होता, कारण सिस्टर खरंच चुकल्या होत्या, लोकांसमोर चुकल्या होत्या, आणि आता काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. हळूबाई मात्र खाली बसली नाही.

आई उठली. कपडे झटकले. "इकडे ये," ती हळूबाईला म्हणाली, आणि हळूबाई आली तेव्हा तिने खुर्चीची मूठ तिच्या हातात दिली. "आता तू ने यांना. मी बसते."

आणि सिस्टर खरंच जाऊन भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या, मावश्यांच्या रांगेत, हळूबाईच्या रिकाम्या जागेवर. हळूबाईने खुर्ची हलवली, तोच एका मामांनी आवाज टाकला, "थांबा, उशी निसटतेय." मग दुसरीकडून, "थांबा, चादर चाकात जाईल." मग तर काही विचारू नका. लोक एकमेकांना थांबवत होते, हळूबाईला थांबवत होते, एकाने बाबांना थांबवलं, की तुम्ही हसताय, पेशंट हसत नाही. संचालकांचं पेन केव्हाच खिशात गेलं होतं. त्यांनी लांबूनच तिच्याकडे बघून मान डोलावली, आणि तिला कळलं की कोर्स सगळ्या शाखांना लागणार.

ती भिंतीला टेकून उभी होती. हा गलका तिने बनवला होता, एका लाल बटणातून आणि उलट्या चष्म्यातून, आणि त्याचा तिला अभिमान वाटत होता. आईने तिला हाताने जवळ बोलावलं. ती शेजारी जाऊन वाकली.

"ही बाई," आई हळूबाईकडे बघत म्हणाली, "माझ्या वॉर्डात नऊ वर्षं होती. मला तिचा आवाज आज पहिल्यांदा कळला." आईचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची खटपट तिने केली नाही. "मी शिकवलं त्यांना, काय करायचं ते. मला थांबवायला शिकवलंस ते तू. हे मला जमलं नव्हतं, बाळा."

तेवढ्यात समोरून कोणीतरी पुन्हा 'थांबा' म्हणालं, आणि दोघींनी एकदमच मान वर करून बघितलं की आता काय चुकलं.